कवळीवाल्याची चौकशी

कवळीवाल्याला पहिली नोकरी मामाने लावून दिली होती. "दातांच्या कारखान्यात जागा आहे, उद्यापासून ये म्हणालेत," असं मामा म्हणाला. कृत्रिम दात बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेला हा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून, मेण कापायच्या आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर झाला. तो कंगव्यांचा कारखाना होता. मामा खोटं बोलला नव्हता. कंगव्यालाही दात असतात, आणि माणसापेक्षा जास्तच असतात. घरी परत जायची लाज वाटली म्हणून त्याने तिथे चौदा महिने काढले. तुटक्या दाताचे कंगवे शोधून बाजूला काढायचे, एवढंच काम होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. पुढे खरोखरच्या दातांच्या लॅबमध्ये जागा निघाली, तेव्हा त्याने सात आठवडे चौकशी केली. तोवर मालकांनी दुसरा माणूस ठेवला, तो माणूस कंटाळून निघून गेला, आणि जागा पुन्हा रिकामी झाली तेव्हा कुठे ह्याची चौकशी पूर्ण झाली. लग्नाच्या वेळी तर मुलीच्या घराभोवती त्याने इतक्या फेऱ्या मारल्या की तिच्या वडिलांना हा पाणीपट्टी खात्याचा माणूस वाटला आणि त्यांनी घाईघाईने गळका नळ दुरुस्त करून घेतला. ही हकिगत सासूबाई अजून सांगतात. हल्ली त्या लेकीकडेच राहतात, त्यामुळे जरा जास्त वेळा सांगतात.

लॅबमध्ये त्याने सव्वीस वर्षं काढली. लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल, टेलिफोन आणि पाटी; मागच्या खोलीत हा, एक नळ, एक गॅसची शेगडी आणि खिडकीखालचं लांब बाक. दवाखान्यातून पेशंटच्या हिरड्यांचं माप डबीतून यायचं. त्यावरून तो प्लास्टरचा साचा ओतायचा, साच्यावर मेणाची पट्टी बसवायचा, मेणात एकेक दात रोवायचा, आणि सगळं मनासारखं जमलं की मेण वितळवून त्या जागी गुलाबी हिरडी पक्की करायचा. डबीबरोबर एक चिठ्ठी असे. चिठ्ठीवर पुरुष की स्त्री, वय, दातांचा रंग आणि दवाखान्याचा नंबर. नाव कधीच नाही. कामगाराला दवाखान्यांची नावं कळली तर तो परस्पर तिकडे चिकटेल, अशी मालकांना भीती होती. म्हणून डब्या आणायला आणि पोचवायला ते स्वतः जात, आणि मागच्या खोलीपुरते सगळे दवाखाने एक नंबर, चार नंबर, नऊ नंबर असेच राहिले.

म्हणजे सव्वीस वर्षांत ह्याने किती तोंडांत दात बसवले त्याला गणती नाही, आणि त्यांतलं एकही तोंड पाहिलं नाही. अपवाद सासूबाईंचा. त्यांची कवळी त्याने नऊ वर्षांपूर्वी घरचं काम म्हणून केली होती, आणि ती बरी आहे असं त्या अजून एकदाही म्हणालेल्या नाहीत.

मग मालकांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं, त्यांचा हात कापायला लागला, मुलाला ह्या धंद्यात रस नव्हता, आणि महिनाअखेरीला लॅब बंद झाली. शहरातल्या उरलेल्या लॅबमध्ये दात आता संगणकावर काढतात आणि यंत्र ते कोरतं. कवळीवाला दोन ठिकाणी विचारून आला. दोन्हीकडे पोरांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि काका म्हटलं. काम कोणी दिलं नाही.

त्याच्या मेहुण्याचं फरशांचं गोदाम होतं. तो म्हणाला, "भाओजी, सोळा तारखेपासून माझ्याकडे या. दारात उभं राहायचं, ट्रकमधून खोकी उतरतात ती मोजायची. फुटकी दिसली तर बाजूला. सोपं काम आहे." मेहुणा मनाचा चांगला होता. पण फुटकी बाजूला काढायची म्हटल्यावर कवळीवाल्याला कंगव्यांचा कारखाना आठवला आणि बावन्नाव्या वर्षी आपण फिरून पुन्हा तिथेच चाललो, असं त्याला वाटलं.

तीन तारखेच्या वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात आली. चौकातल्या दातांच्या मोठ्या दवाखान्याला स्वतःच्या लॅबसाठी माणूस हवा होता. "कवळीच्या कामाचा हात असावा," असं लिहिलं होतं. अर्जाची मुदत पंधरा तारखेपर्यंत. ह्या हाताला काम देऊ शकेल अशी शहरात ती एकच जागा उरली होती, आणि हे त्याला, त्याच्या बायकोला आणि सासूबाईंनाही कळत होतं.

बायको शाळेच्या कचेरीत लिपिक होती. तिने डब्यात पोळी भरता भरता सांगितलं, "आज अर्ज द्या."

"आधी चौकशी करतो."

"कसली? दवाखाना आहे. दात काढतात, दात बसवतात."

"जागा रिकामी का झाली ते बघायला नको? आधीचा का गेला?"

"अहो, तुम्हाला सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या. एक कागद द्यायचा आहे."

"कण्या झाल्या तर मी आहे ना," कवळीवाला म्हणाला. बायको हसली नाही. हा विनोद तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला होता.

दवाखान्यासमोर बसचा थांबा होता आणि थांब्यावर बाक होतं. तिथून दवाखान्याचं दार, पहिल्या मजल्याच्या खिडक्या आणि बाजूची गल्ली असं सगळं दिसत होतं. कवळीवाला रोज नऊला तिथे जाऊन बसू लागला. डॉक्टर सव्वानऊला येतात, गाडी स्वतः लावतात, आणि रखवालदाराला आधी नमस्कार करतात, हे त्याने पहिल्या दिवशी टिपलं. कामाच्या बायका जेवायला एकत्र बसतात आणि मोठ्याने हसतात, हे दुसऱ्या दिवशी. जिथे माणसं जेवताना हसतात ती जागा वाईट नसते, हे त्याचं मत होतं. पण हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हेही त्याचंच मत होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या औषधांच्या दुकानात गेला, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वरच्या लॅबमधला माणूस का हो गेला?"

"कोण माणूस?" दुकानदार म्हणाला.

"कवळ्या करणारा."

"तिथे असा कोणी नव्हता."

कवळीवाल्याने गोळ्यांची पुडी खिशात टाकली आणि बाहेर येऊन विचार केला. मग त्याने रखवालदाराला विचारलं, गल्लीतल्या चपला शिवणाऱ्याला विचारलं, समोरच्या झेरॉक्सवाल्या बाईंना विचारलं. कोणीच असा माणूस पाहिला नव्हता. चपला शिवणारा तर तिथे अठरा वर्षं बसत होता. साध्या माणसाने ह्यावरून असा अर्थ काढला असता की आधीचा कोणी नव्हताच. कवळीवाल्याने असा काढला की आधीच्याला इतकं वाईट वागवलं असणार की तो कोणाला तोंड न दाखवता मागच्या दाराने येऊन मागच्या दाराने गेला.

आता माणूस सापडत नसेल तर त्याचं काम बघावं. कामावरून माणूस कळतो, आणि माणसाला कसं ठेवलं होतं तेही कळतं. घाईत केलेली कवळी वेगळी, उपाशीपोटी केलेली वेगळी. म्हणून पाचव्या दिवसापासून तो दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे लागला.

ह्यात एक धंद्यातली खुबी होती. कवळीची खरी परीक्षा स आणि ष ह्या अक्षरांत होते. पुढचे दात केसभर पुढे गेले तर शिट्टी वाजते, केसभर मागे राहिले तर शब्द जिभेखाली चिरडतो. म्हणून कवळी बसवली की पेशंटला साठपासून पुढे अंक म्हणायला लावतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. जो सदुसष्ट नीट म्हणतो तो काहीही म्हणू शकतो. आता रस्त्यात परक्या माणसाला अंक म्हणा असं कसं सांगणार? पण ज्यांना कवळी लागते ती माणसं बहुतेक साठीतलीच असतात. नुसतं वय विचारलं की काम भागतं.

पहिले सापडले ते टोपी घातलेले एक गृहस्थ, बसची वाट बघत उभे. "माफ करा, आपलं वय काय?" कवळीवाल्याने विचारलं.

"सदुसष्ट," ते म्हणाले. "का?"

"नाही, वाटत नाही."

गृहस्थ खूश होऊन हसले. कवळीवाल्याने ते हसू नीट पाहून घेतलं. सदुसष्ट कसं, तर घंटेचा टोल पडावा तसं स्वच्छ. आणि दात दाताच्या रांगेत उभे होते, शाळेच्या कवायतीच्या रांगेत नव्हे. डावीकडचा दुसरा दात किंचित आत वळलेला होता, खऱ्या माणसाचा असतो तसा. हिरडीवर बारीक खळगे होते, त्यामुळे ती प्लास्टिकसारखी चमकत नव्हती. सकाळी उन्हात उभा राहून कवळीवाला त्या दातांकडे इतका वेळ बघत राहिला की गृहस्थांनी तोंड मिटलं आणि पुढची बस न बघताच पकडली.

मग हे रोजचंच झालं. एका निवृत्त मास्तरांनी वय तर सांगितलंच, वर जन्मतारीख, वार आणि त्या दिवशीचं हवामान सांगितलं. बावीस मिनिटांत एकही शिट्टी नाही. एक बाई संतापल्या. "बायकांना वय विचारतात? एकसष्टची बाई बघितली नाही का कधी?" असं त्या ओरडल्या, आणि रागाच्या भरातही ष्ट खणखणीत होता. एक आजोबा तर बाकावर बसून सफरचंद सालासकट चावून खात होते. कवळीने सफरचंदाचा लचका तोडणं म्हणजे खायचं काम नाही. कवळीवाल्याने त्यांना वय विचारलंच नाही. तो नुसता शेजारी बसून सफरचंद संपेपर्यंत ऐकत राहिला.

बारा तारखेपर्यंत अकरा तोंडं झाली. नऊ उत्कृष्ट. दोन वाईट, आणि ती दोन्ही गेल्या पंधरवड्यातली. त्यांतल्या एका बिचाऱ्याने बासष्ट म्हटलं तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरचं कुत्रं उभं राहिलं. म्हणजे आधीचा महिनाअखेरीलाच गेला असणार, असा कवळीवाल्याने हिशेब लावला. आपलाही रोजगार महिनाअखेरीलाच गेला, हे त्याच्या मनात आलं, पण शहरात महिनाअखेरीला पुष्कळ लोकांचं पुष्कळ काही जातं.

तेरा तारखेला रात्रीच्या जेवणाला त्याने निकाल सांगितला. "मी अर्ज करत नाही."

बायकोने हातातला डाव खाली ठेवला. "का?"

"आधीचा माणूस कलावंत होता. मी सव्वीस वर्षं हे काम केलं, पण असे दात पाहिले नाहीत. आणि असा माणूस ज्यांना टिकवता आला नाही, ते मला काय टिकवणार? तिथे नक्की काहीतरी भयंकर आहे."

"आणि दात वाईट असते तर?"

"तर मग वाईट काम खपवून घेणारी जागा. तिथे तर जाऊच नये."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. हा माणूस गोदामाच्या दारात खोकी मोजत उभा राहिला तर वर्षभरात म्हातारा होईल, हे तिला दिसत होतं. "परवा शेवटची तारीख आहे," एवढंच ती म्हणाली.

"तुला सांगून कळणार नाही," कवळीवाला म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला होता. "नुसते सुबक नाहीत गं ते. त्यांत माया आहे. सगळे दात सरळ लावणं सोपं असतं. ह्याने डावीकडचा दुसरा मुद्दाम एवढासा आत वळवलाय. मालक मला त्यावरून किती बोलायचे, सरळ लाव, सरळ लाव म्हणून. मी काही ऐकायचो नाही. ह्याला बहुतेक मालकाची बोलणी खावी लागली नसणार. आणि हिरडीवर सुईच्या टोकाने बारीक बारीक..."

सासूबाई इतका वेळ मुकाट्याने जेवत होत्या. त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं, कवळी काढली, पदराने पुसली आणि जावयाच्या ताटाशेजारी ठेवली.

"अशी का, जावईबापू?" त्या म्हणाल्या. कवळी नसल्यामुळे ते वाक्य जरा हवेशीर आलं.

जेवताना हे किळसवाणं होतं, आणि बायको तसं म्हणालीही. पण कवळीवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने ती कवळी उचलली, दिव्याखाली धरली, उलटी केली, सुलटी केली. डावीकडचा दुसरा. हिरडीवरचे खळगे. त्याने स्वतःचं काम सव्वीस वर्षं असंच बघितलं होतं, हातात, उलटं, मेणाने बरबटलेलं. ते उन्हात उभं राहून बसची वाट बघतं, चिडतं, सफरचंद खातं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे समोर आलं तरी ओळखता आलं नाही.

सासूबाईंनी कवळी परत घेतली, बसवली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा."

चौदा तारखेला तो मालकांकडे गेला. खरं तर सगळ्यात आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. पण घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून ते यादीत शेवटी राहिले होते. मालक खिडकीशी बसून चहात बिस्किट बुडवत होते. हात कापत असल्यामुळे निम्मं बिस्किट कपात पडत होतं, मग ते चमच्याने काढून खात होते.

"चौकातले डॉक्टर म्हणजे आपले कितवे नंबर?" कवळीवाल्याने विचारलं.

"चार," मालक म्हणाले. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "निम्म्याहून जास्त काम त्यांचंच. परवा इथे आले होते. म्हणे, आमच्याकडे येऊन बसा, तुमच्यासारखे दात कोणाला जमत नाहीत. मी हात दाखवला. म्हटलं, ह्या हाताने आता चहा पिता येत नाही."

"दात कोण करायचं, असं विचारलं त्यांनी?"

"विचारलं ना."

"मग?"

"मी म्हटलं, मी."

मालकांनी चमच्याने बिस्किटाचा तुकडा शोधला, तो काही सापडला नाही.

"अरे, पाटी माझी होती," ते म्हणाले. "वीस वर्षं त्यांना मीच दिसत होतो. आता जाता जाता काय सांगू, मागच्या खोलीत दुसराच होता म्हणून?"

"आणि माझ्याबद्दल काही?"

"तुझ्याबद्दल ते कशाला विचारतील? त्यांना तू माहीतच नाहीस."

ते हे टाकून बोलले नाहीत. जे होतं ते सांगितलं. म्हणूनच ते जास्त लागलं. कवळीवाल्याला फार वाईट वाटलं, आणि कोणावर चिडावं ते कळेना, कारण समोरचा म्हातारा कपात बिस्किट शोधत होता. त्याने उठून कप घेतला, मोरीत विसळला, दुसरा चहा ओतून त्यांच्या हाताशी ठेवला आणि घरी आला. रात्री त्याने अर्ज लिहिला. "अनुभव" ह्या शब्दापुढे त्याचं पेन बराच वेळ थांबलं, आणि शेवटी त्याने "सव्वीस वर्षे, मागची खोली" असं लिहिलं. बायकोने ते वाचलं. खोडायला सांगावं असं तिला वाटलं होतं, पण तिने कागद घडी करून पाकिटात घातला.

पंधरा तारखेला तो रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरला. काउंटरवरच्या मुलीने त्याला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आलात एकदाचे? या, या. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?"

"काका, दात काढायची भीती वाटणारी माणसं समोरच्या बाकावर बसतात. कोणी दोन दिवस, कोणी चार. तुम्ही दहा दिवस बसलात. इथे पैजा लागल्या होत्या. कुठला दुखतोय?"

"अर्ज द्यायचाय," कवळीवाला म्हणाला.

मुलीचा जरा हिरमोड झाला, पण तिने त्याला आत पाठवलं. डॉक्टर पन्नाशीचे, बुटके, चष्मा कपाळावर. त्यांनी अर्ज घेतला, वरची ओळ वाचली आणि बाजूला ठेवला. "आतापर्यंत चौदा अर्ज आले," ते म्हणाले. "सगळे म्हणतात येतं. मग मी हे दाखवतो." त्यांनी खणातून एक कवळी काढून टेबलावर ठेवली. "पेशंट वारले. त्यांच्या मुलाने परत आणून दिली, म्हणाला ठेवा आठवण. हिच्यासारखी जमेल?"

कवळीवाल्याने ती हातात घेतली नाही. लांबूनच बघितली.

"हे दात माझे आहेत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे सगळे दात जागेवर होते. मग ते म्हणाले, "हे त्या बंद झालेल्या लॅबच्या मालकांनी केलेत. त्यांनी स्वतः मला सांगितलं."

"मी त्यांच्याच लॅबमध्ये होतो. पाटी त्यांची होती, त्यामुळे ते म्हणाले ते चूक नाही. दात माझे आहेत."

दवाखान्यात लोक अनेक तऱ्हेने खोटं बोलतात, रोज दोनदा घासतो म्हणून सांगतात, तेव्हा डॉक्टरांना माणूस ओळखायची सवय होती. त्यांनी दुसऱ्या खणातून दुसरी कवळी काढली, नवी, जुनी लॅब बंद झाल्यावर बाहेरगावाहून करून आणलेली, शिट्टी वाजवणाऱ्यांपैकी. "ह्यात काय चुकलंय?"

ही मात्र कवळीवाल्याने हातात घेतली. आतल्या बाजूने अंगठ्याचं नख फिरवलं. "पुढचे चार दात दोन कागदांइतके पुढे गेलेत. उजवीकडच्या दाढा उंच बसल्यात, म्हणून पेशंट जेवताना उजव्या बाजूलाच चावत असतील, आणि संध्याकाळी कानाखाली दुखत असेल. करणाऱ्याने साचा ओला असतानाच मेण लावलंय. घाईत होता. बहुतेक उभ्यानेच केलं असेल."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. आठ दिवस ते पेशंट उजव्या कानाखाली हात धरून येत होते. डॉक्टरांनी बाजूला ठेवलेला अर्ज पुन्हा ओढला आणि ह्या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "मागची खोली" ह्या शब्दांपाशी ते थांबले.

"सव्वीस वर्षं तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," कवळीवाला म्हणाला.

"उद्यापासून याल?"

"एक विचारायचं होतं."

"पगाराचं माझ्या बहिणीशी बोला, ते खातं तिच्याकडे आहे."

"पगाराचं नाही. कवळी बसवताना मला खोलीत उभं राहू द्याल? कोपऱ्यात. मी मध्ये बोलणार नाही. मी सासूबाई सोडून कोणाला माझे दात घालताना पाहिलेलं नाही."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. "तुमच्या लॅबमधून आलेली शेवटची कवळी अजून माझ्याकडे डबीतच आहे. ती ज्यांची, त्या बाई आजारी होत्या, आज आल्यात. बसा म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "तिकडे बेसिन आहे. हात धुवून घ्या."

कवळीवाल्याने हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, गरजच नव्हती तरी. मग तो आतल्या खोलीत गेला आणि औषधांच्या कपाटाला पाठ लावून उभा राहिला.

बाई बारीक अंगाच्या होत्या. तोंडावर रुमाल धरून आल्या आणि खुर्चीत बसल्यावरही त्यांनी तो काढला नाही. चार महिने त्या असंच बोलत होत्या, रुमालाआडून, आणि फोन आला तर घेत नव्हत्या, असं डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांनी समजावून रुमाल बाजूला केला, डबी उघडली, खालची कवळी बसवली, वरची बसवली, ओठ जरा ओढून पाहिले आणि हातात आरसा दिला.

बाईंनी आरशात पाहिलं. चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. ओठ मिटले, उघडले. जिभेने एकेक दात चाचपून पाहिला, घरात शिरल्यावर सगळं जागच्या जागी आहे का पाहतात तसा. कपाटाशी उभ्या असलेल्या माणसाने तेवढा वेळ श्वास घेतला नव्हता.

"कोणी केले हो हे?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर सवयीने काहीतरी बोलायला गेले, थांबले, आणि खुर्चीसमोरून बाजूला सरले.

"मी," कवळीवाला म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.